भरती किती वाजता होती, ते आधी सांगा

समजा, एका ऐतिहासिक कादंबरीत असा प्रसंग आहे. पौर्णिमेची मध्यरात्र, टिपूर चांदणं, समुद्राला ओहोटी लागलेली. अलिबागच्या पुळणीवरून पन्नास गडी गुडघाभर पाण्यातून समुद्रातल्या कुलाबा किल्ल्याच्या तटाकडे सरकतायत. नागपूरच्या धरमपेठेत किंवा महाल भागात बसलेला वाचक हा प्रसंग बिनतक्रार वाचेल आणि पान उलटेल. अलिबागचा कोळी मात्र तिथंच पुस्तक मिटेल. पौर्णिमेच्या मध्यरात्री त्या किनाऱ्यावर पूर्ण भरती असते. लेखकाने पन्नासच्या पन्नास गडी बुडवले आणि त्याला पत्ताही लागला नाही.

कोकणात यासाठी एक जुना तोंडी हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती, सकाळी आणि संध्याकाळीही. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा निघतात, प्रत्यक्षात काटा बाराच्या आसपास जातो. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि रोज सगळं वेळापत्रक पाऊण तास ते पन्नास मिनिटं पुढे सरकतं. यातून आणखी एक गोष्ट आपोआप निघते : या किनाऱ्यावर चंद्र उगवतो तो ओहोटीच्याच सुमाराला. म्हणजे तुमच्या नायकाला पायी कुलाबा गाठायचा असेल तर माथ्यावरचा चंद्र त्याच्या नशिबी नाही. त्याला क्षितिजावरचा लाल, नुकता वर आलेला चंद्र मिळेल, नाहीतर अंधार.

हे पांडित्य मिरवण्यासाठी सांगत नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले. त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार समुद्राशी बांधलेले आहेत. त्याआधी सप्टेंबर २०२२ मध्ये नौदलाच्या निशाणावर शिवरायांच्या मुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी चौकट आली. वातावरण तापलं आहे, आरमारावर कादंबऱ्या येणार, आणि त्यांतल्या काही विदर्भातूनही येणार. प्रश्न असा की त्या कशा असाव्यात, आणि सार्वजनिक पैशातून ग्रंथालयं, अनुदान समित्या, पुरस्कार मंडळं त्यांना काय निकषावर उचलून धरणार. माझं म्हणणं सरळ आहे. स्वातंत्र्ययुद्धावरच्या सागरी साहसकथेत वारा, पाणी आणि लाकूड ही सजावट समजू नये. कथानक तिथूनच निघतं. ते ज्याने शिकून घेतलं नाही, त्याची कादंबरी घोड्यावरची कादंबरीच राहते, फक्त घोडा काढून खाली होडी घातलेली.

युद्ध कोणतं, तेही स्पष्ट करू. मराठी इतिहासलेखनात १६८१ ते १७०७ या सत्तावीस वर्षांना मराठ्यांचं स्वातंत्र्ययुद्ध म्हणायचा प्रघात आहे. औरंगजेब दक्षिणेत उतरल्यापासून अहमदनगरला मरेपर्यंतचा हा काळ. या युद्धावर आपल्याकडे जे लिहिलं-बोललं जातं त्यात रायगड आहे, जिंजी आहे, संताजी-धनाजी आहेत. किनारा मात्र दोन ओळींत उरकतो. वास्तविक १६८९ मध्ये रायगड पडला, जंजिऱ्याचा सिद्दी मोगलांच्या बाजूने किनारा गिळत चालला, आणि त्या पडझडीत सुवर्णदुर्गासारखी ठाणी हातची गेली नाहीत, म्हणून पुढे कान्होजी आंग्रे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, झाले तेव्हा त्यांच्या हाती आरमार म्हणावं असं काही उरलं होतं. जमिनीवरचं युद्ध आणि पाण्यावरचं युद्ध एकाच वेळी चालू होतं. आपण एकच वाचलं.

आता सुवर्णदुर्गाचाच प्रसंग घेऊ. परंपरेत सांगतात की किल्लेदार सिद्दीला फितूर होऊ पाहत होता, तरुण कान्होजींनी त्याला कैद केलं, मग किल्ल्याबाहेर पडून केलेल्या हल्ल्यात ते स्वतः पकडले गेले, आणि शत्रूच्या तावडीतून निसटून पोहत किल्ल्यात परतले. कथा म्हणून सोनं आहे. पण बहुतेक लेखणीतून यातून एकच वाक्य बाहेर पडेल : ‘त्याने खवळलेल्या समुद्रात उडी घेतली आणि पाणी कापत तट गाठला.’ खवळलेल्या समुद्रात कुणी उडी घेत नाही, घेतली तर तट गाठत नाही.

हाच प्रसंग माहितीवर उभा करून पाहा. चांगला पोहणारा माणूस ताशी दोन-तीन किलोमीटर जातो. भरती-ओहोटीच्या मध्यावर किल्ला आणि किनारा यांमधल्या चिंचोळ्या पाण्याला दोन नॉटचा ओढ असेल, तर तो ताशी पावणेचार किलोमीटर होतो. म्हणजे माणूस हातपाय मारत राहील आणि किल्ला त्याच्या बाजूने मागे सरकत जाईल. त्याला पाणी थांबण्याची वाट पाहावी लागणार. पूर्ण भरती किंवा पूर्ण ओहोटीच्या टोकाला पाणी जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं निवांत असतं. समजा रात्र कृष्ण दशमीची आहे. पाऊणपटीने भरती साडेसातला, ओहोटीचं टोक दीड ते पावणेदोनला. त्या रात्री चंद्रोदय दोनच्या पुढे. म्हणजे पाणी थांबलेलं आहे आणि अंधारही आहे, अशी खिडकी अर्ध्या तासाची. त्याच्या आधी उतरला तर ओढ त्याला बाहेर समुद्रात नेणार, उशीर केला तर चंद्र वर येणार आणि सिद्दीच्या होडीवरच्या पहारेकऱ्याला पाण्यावरचं डोकं दिसणार. शिवाय ओहोटी असल्याने तटाखालचे कालवं चिकटलेले खडक उघडे पडलेले, तळव्यांच्या चिंध्या करणारे. या परिच्छेदात एकही भडक विशेषण वापरलेलं नाही, तरी वाचकाची छाती धडधडेल. तिथीच ते काम करते.

बरं, नौका. गुराब आणि गलबत हे दोन शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, आणि इथंच निम्मं आरमार बुडतं. गुराब मोठी. दोन डोलकाठ्यांची साधारण दीडशे टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांची तीनशेच्या आसपास. लांबीच्या मानाने रुंद, तळ उथळ, आणि पुढे टोकदार लांब निघालेली नाळ. नाळीच्या मागच्या आडभिंतीत भोकं पाडून दोन तोफा थेट पुढे रोखलेल्या, नऊ किंवा बारा पौंडी. उलट्या लाटांवर ही गुराब फार आपटते, नाळ पाण्यात घुसते. म्हणून त्या नाळीवरच्या फळीला कठडे ठेवत नसत, आलेलं पाणी दोन्ही बाजूंनी निघून जावं. गलबत लहान, सत्तर टनांच्या आतलं. त्याला चाळीस-पन्नास वल्ही. मुख्य काठीवर एकच भलं मोठं तिकोनी शीड, ज्याचं टोक काठीच्याही वर जातं. लहान गलबतांवर बांबूच्या कामट्यांची फळी आणि कठड्यावर फिरत्या जंबुऱ्या (अगदी छोट्या तोफा), मोठ्यांवर सहा-आठ हलक्या तोफा.

या दोन नौका जोडीनेच का चालत, याचं उत्तर वाऱ्यात आहे. पावसाळा सरल्यावर कोकण किनाऱ्यावर रात्री आणि पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो, दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा येतो. यांच्या मध्ये, सकाळी उन्हं तापायला लागली की काही वेळ दोन्ही पडतात. शीड लोंबकळतं, पाणी तेलासारखं होतं. युरोपियन व्यापारी जहाज या वेळी लाकडाचा ओंडका असतं : उंच, तोफांनी भरलेलं आणि जागचं हलू न शकणारं. पहाटेच्या मतलईवर खाडीतून निघालेली गलबतं या घटकेला वल्ही बाहेर काढतात आणि गुराबींना दोराने ओढत त्या जहाजाच्या पिछाडीला नेतात. पिछाडीलाच का? जहाजाच्या बहुतेक तोफा दोन्ही कुशींवर असतात, मागे मोजक्याच. वारा नाही म्हणजे जहाजाला कूस फिरवता येत नाही. गुराबीच्या तोफा मात्र नाळीतून समोर रोखलेल्याच आहेत, तिला वळायची गरजच नाही. आधी मारा डोलकाठ्या आणि दोरांवर. काठ्या पडल्या की वारा परत आला तरी ते जहाज जागीच. एवढं झाल्यावर जवळ जायचं, आणि तरीही त्याने हार मानली नाही तर प्रत्येक गलबतातून दोन-दोनशे माणसं एकाच क्षणी चारी बाजूंनी वर चढवायची.

हे वाचताना कळतं की इथं सेनापतीइतकाच महत्त्वाचा माणूस तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, आहे. वारा कधी पडेल हे त्याने कालच्या ढगांवरून ओळखलेलं असतं. वारा पडायच्या आधी पोहोचलं तर जहाज कूस फिरवून भाजून काढेल. वारा परत सुटल्यावर पोहोचलं तर ते हातातून निघून जाईल. वल्ह्यांवर गलबत ताशी साडेसहा किलोमीटर पळतं, पण मोकळं. मागे गुराब बांधली की ते बैलगाडी. दहा किलोमीटर ओढून आणलेल्या वल्हेकऱ्याच्या हातात तलवार धरायचं बळ उरत नाही. म्हणून चढाईची माणसं वेगळी ठेवावी लागतात. माणसं वाढली की पाणी वाढतं. त्या उन्हात माणशी चार लिटर धरलं तरी दोनशे माणसांना रोज आठशे लिटर गोडं पाणी. तीन दिवसांचं भरलं तर जवळजवळ अडीच टन वजन एका हलक्या गलबतात. ते मग उथळ राहत नाही, आणि पळतही नाही. त्यामुळे आंग्र्यांचं आरमार समुद्रात महिनोन्‌महिने फिरू शकत नव्हतं. त्याला दर दोन-तीन दिवसांनी एखादी खाडी, एखादा किल्ला, एखादी विहीर लागत होती. सिंधुदुर्गातल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या विहिरी गाईड मंडळी चमत्कार म्हणून दाखवतात. युद्धाच्या हिशेबात त्या दारूगोळ्याच्या कोठाराइतक्याच मोलाच्या. कादंबरीत एकदा तरी किल्ला पाण्यासाठी लढवलेला दाखवा.

तोफांबद्दल तर बोलायलाच नको. पडद्यावर तोफ म्हणजे बत्ती लावली की धडाम, आणि लगेच दुसरी धडाम. नऊ पौंडी गोळा चार किलोचा, त्यामागे सव्वा ते दोन किलो दारू. एक बार झाला की नळी ओल्या बोळ्याने पुसावी लागते. आत जळकी चिंधी राहिली आणि वरून नवी दारू ठासली तर गोलंदाजाचा हात जातो. मग दारू, बोळा, गोळा, गजाने ठासणं, रंजक (पेटवायची दारू) भरणं, नेम, जामगी (पेटती वात). हे सगळं हलत्या फळीवर. दारू म्हणजे तीन हिस्से सोरा आणि उरलेल्या चौथ्या हिश्श्यात कोळसा जास्त, गंधक कमी. सोरा नीट शुद्ध केलेला नसेल, त्यात मीठ राहिलं असेल, तर तो खाऱ्या हवेत ओल ओढतो आणि ऐन वेळी दारू फुसफुसते. फितुरीपेक्षा ओल्या दारूने हरलेली लढाई मला वाचायला जास्त आवडेल. फितुरी लिहून लिहून आपण गुळगुळीत केली आहे.

आणि कृपा करून आषाढातली आरमारी लढाई लिहू नका. ज्येष्ठात पाऊस लागायच्या आत नौका खाडीत वर ओढल्या जात आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्यावर पुन्हा उतरत. मधल्या महिन्यांत तळ खरवडायचा, लाकूड पोखरणारे किडे शोधायचे, फळ्यांच्या फटीत कापूस ठासून वर राळ आणि तेल द्यायचं. हे काम वाईट झालं की कार्तिकात पहिल्याच वादळी रात्री गलबत पाणी घेतं. पावसाळ्यात केलेली कुचराई हिवाळ्यात माणसं मारते, ही रचना कुठल्याही कादंबरीकाराला आयती मिळाली आहे.

यावर नेहमीचा आक्षेप : एवढा तपशील वाचतो कोण? पोरांना थरार पाहिजे. खरं तर थरार म्हणजे मर्यादा आधी माहीत असणं. क्रिकेट ज्याला कळत नाही त्याला शेवटच्या षटकात सहा चेंडूंत अकरा धावा म्हणजे काय ते सांगून उपयोग नाही. समुद्राचंही तसंच आहे. पाण्यापासून पंचवीस मीटर उंच तटावर उभ्या माणसाला क्षितिज अठरा किलोमीटरवर दिसतं, आणि पंचवीस मीटर उंच शिडाचा शेंडा पस्तीस किलोमीटरवरून. ते जहाज पाच नॉटने, म्हणजे ताशी सव्वानऊ किलोमीटरने येत असेल तर तटासमोर यायला त्याला जवळजवळ चार तास लागतात. चार तास शत्रू दिसतोय आणि काही करता येत नाही. वल्हेकरी उठवा, कोठार उघडा, ओहोटी सुरू झाली तर खाडीच्या तोंडावरचा वाळूचा बांध उघडा पडेल आणि आपलीच गलबतं आत अडकतील, त्याआधी बाहेर काढायची की नाही ते ठरवा. हे चार तास लिहिणारा मराठी लेखक मला पाहिजे. गोळीबाराची दहा मिनिटं कुणीही लिहील.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचं समुद्रावरचं साहित्य इंग्रजीत भरभरून आहे, त्याचं कारण तिथले लेखक आणि वाचक दोघेही दोरांची नावं शिकायला तयार होते. त्या युद्धात पेनसिल्व्हेनियाने १७८२ मध्ये एक जहाज लढाईला उतरवलं, त्याचं नाव ‘हायडर अ‍ॅली’, म्हणजे म्हैसूरचा आपला हैदर अली. त्या जहाजाने ब्रिटिशांचं ‘जनरल मंक’ पकडलं. दुसरीकडे अमेरिकी कप्तान जॉन पॉल जोन्सचं एक गाजलेलं जहाज ‘रेंजर’ नावाचं. आणि एप्रिल १७८३ मध्ये पेशव्यांच्या आरमाराचे प्रमुख आनंदराव धुळपांनी इंग्रजांचं जे जहाज लढून घेतलं त्याचंही नाव ‘रेंजर’. इंग्रज-मराठ्यांमधला सालबाईचा तह आदल्या वर्षीच झालेला. तह झाल्याची बातमी समुद्रावर कधी पोहोचते, कोणाला पोहोचते, आणि ती पोहोचलीच नाही असं कोण सांगू शकतं, या एका प्रश्नावर आख्खी कादंबरी उभी राहील.

तपशील शिकण्यात आणखी एक फायदा आहे, जो मला थरारापेक्षा मोठा वाटतो. नौका खरी झाली की ती चालवणारी माणसं खरी होतात. कोळी, भंडारी, दालदी मुसलमान, गाबीत. घोड्यावरच्या कादंबरीत हे सगळे ‘खलाशी’ या एका शब्दात मावतात आणि ‘जय’ म्हणायला तोंड उघडतात. पण एकदा का तिकोनी शिडाचं परभाण, म्हणजे शीड बांधायचा तो लांबलचक वासा, काठीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला न्यायला किती हात लागतात हे लेखकाला कळलं, की त्याला त्या हातांना नावं द्यावी लागतात. अशी नौका नाळ वाऱ्यातून फिरवायला कठीण, म्हणून पिछाडी वाऱ्याकडे करून मोठा वळसा घ्यावा लागतो. त्या वळशात नौका किनाऱ्याकडे सरकते, आणि खडक जवळ असतील तर एका माणसाच्या दोर सोडण्यातल्या उशिराने सगळे जातात. तो माणूस कोण होता, हे मग सांगावंच लागतं.

हाच प्रामाणिकपणा नैतिक प्रश्नातही लागतो. इंग्रज कान्होजींना चाचा म्हणत. आपण रागावतो, आणि बरोबरच रागावतो, कारण आपल्या पाण्यातून जायला दस्तक, म्हणजे परवाना, घ्या म्हणणं हा राज्याचा अधिकार होता. पोर्तुगीज तेच करत आले होते. १६९५ मध्ये औरंगजेबाचं गंज-इ-सवाई लुटलं ते तर एका इंग्रजाने. पण १७१२ मध्ये मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरची यॉट कान्होजींच्या आरमाराने पकडली, त्यात एक इंग्रज अधिकारी मेला आणि त्याची तरुण पत्नी तीस हजार रुपये खंडणी मिळेपर्यंत कैदेत होती, हेही घडलं. ते वगळून लिहिलेला कान्होजी पुठ्ठ्याचा होतो.

राहता राहिला नागपूरचा प्रश्न. झिरो माईलच्या गावात बसून समुद्रावर काय लिहिणार, असं आपल्याकडे थट्टेने म्हणतात. हाव ना, समृद्धी महामार्गाने भिवंडीजवळ पोहोचायलाच ७०१ किलोमीटर. पण पंचांग इथंही मिळतं. तिथी इथंही कळते. वारा बघायला अंबाझरीच्या पाळीवर मे महिन्यात संध्याकाळी उभं राहिलं तरी पाणी आणि जमीन यांच्या तापण्यातला फरक गालाला लागतो. लाकूड कळून घ्यायला तर विदर्भासारखी जागा नाही; बल्लारपूर-आलापल्लीचा साग हातात घेतलेल्या माणसाला नौकेसाठी सागच का, हे कोकणातल्या माणसाइतकंच समजेल. आणि जे इथं मिळत नाही त्यासाठी एक हिवाळी पंधरवडा हर्णै किंवा अलिबागला घालवावा. पंधरवडाच का, तर उधाणाची (मोठी) भरती ते भांगाची (लहान) भरती आणि पुन्हा उधाण, हे एक पूर्ण चक्र डोळ्यांनी पाहून होतं.

राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांना अनुदान देतं. अशा समित्यांनी सागरी ऐतिहासिक कादंबरीच्या हस्तलिखिताबरोबर दोन कागद मागावेत. एक : प्रत्येक समुद्री प्रसंगाची तिथी, वेळ, भरती-ओहोटी आणि वारा. दुसरा : नायकाच्या नौकेचा साधा आराखडा, काठ्या किती, वल्ही किती, तोफा कुठे, पाणी किती. हे दोन कागद ज्याला भरता येत नाहीत त्याने घोड्यावर लिहावं, काही बिघडत नाही. परीक्षकांनीही शौर्यरस किती ओतला आहे ते मोजण्याआधी हे कागद कोळीवाड्यातल्या एखाद्या जाणत्याला दाखवावेत, आणि त्याला त्याचं मानधन द्यावं. इतिहासाच्या प्राध्यापकाला देतात तेवढंच.

नागपूरकर लेखकाला स्वतःच्या घरातलाच समुद्र हवा असेल तर तोही आहे, आणि त्यावर कुणी लिहिताना दिसत नाही. १७५१ च्या तहानंतर ओडिशा नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि डिसेंबर १८०३ मध्ये देवगावच्या तहात कटक-बालासोर इंग्रजांना देईपर्यंत राहिला. पन्नास वर्षं नागपूरच्या राज्याला बंगालच्या उपसागराचा किनारा होता. हुगळीत शिरणारी इंग्रज जहाजं बालासोरसमोर नांगर टाकून वाटाड्याची वाट पाहत. म्हणजे कलकत्त्याचा दरवाजा जिथून दिसतो ती जागा भोसल्यांच्या अमलात होती. बालासोरजवळ चांदीपूरला ओहोटीत समुद्र पाच-पाच किलोमीटर मागे जातो आणि मग परत येतो. त्या चिखलात रुतलेली एक होडी, सीताबर्डीहून निघालेला एक कारकून जो आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघतोय, आणि दूर नांगरलेलं एक जहाज. मात्र तिथीची पाऊणपट तिथं लावू नका. तो कोकणचा हिशेब आहे. प्रत्येक बंदराचा आपला वेगळा असतो, आणि बालासोरचा तिथल्या मच्छीमारालाच विचारावा लागेल.